पार केलेलं मांजर

खजुराचा गूळ आणायला मी नदीपलीकडे गेलो होतो, काम एवढंच होतं. संक्रांतीच्या गोडाधोडाला आईला पलीकडच्या चरावरचाच, म्हणजे नदीच्या गाळाच्या जमिनीवरचाच, गूळ लागतो आणि घरात रिकामटेकडा मी एकटा. कॉलेज सोडल्यापासून असली सगळी कामं माझ्याच गळ्यात. जेठू, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर. मला नीट ऐकू जाईल अशा बेताने ते बाबांना म्हणाले, "पाठव त्याला. गुळाची ढेप तरी ओळखता येत असेल." बाबा हसले. जेठूंच्या प्रत्येक वाक्याला हसायचं ही बाबांची खरी नोकरी, बँक नुसती नावाला.

आमच्याकडे नकोसं मांजर कुणी मारत नाही. ते पोरांची राखण करणाऱ्या षष्ठीमातेचं वाहन, मारलं तर घरातल्या पोरांवर येतं म्हणतात. म्हणून त्याला पोत्यात घालायचं, दिशा विसरावी म्हणून पोतं गरगर फिरवायचं, होडीने नदीपार न्यायचं आणि सोडून द्यायचं. जमिनीवरून मांजर परत येतं, पाण्यावरून येत नाही. सोडल्यावर मागे वळून बघायचं नाही आणि हाक मारायची नाही. याला पार करणं म्हणतात. पाप लागत नाही, हातही स्वच्छ राहतात. आमच्या वडीलधाऱ्यांना हात स्वच्छ ठेवणारी कामं फार आवडतात.

पलीकडच्या घाटावर त्या दिवशी दाट धुकं होतं. परतीची होडी येईपर्यंत क्षीरोदामाशीच्या टपरीवर चहा घेत मी बाकावर बसलो. माशी म्हणजे मावशी, घाटावरचे सगळे तिला तसंच म्हणतात. ओल्या तागाचा आणि चिखलाचा वास येत होता. बाकाखाली, टपरीच्या छपरावर, उलट्या टाकलेल्या होड्यांवर, जिकडेतिकडे मांजरं. सगळी आमच्या काठाने टाकलेली. त्यातली एक पांढरी, एका काळ्या कानाची, माझ्या मांडीवर येऊन बसली आणि उठेचना.

"ती नेऊ नको रे," माशी म्हणाली.

"का? तुझी आहे?"

"त्या बाकाची आहे. इथून कुणी परत नेत नसतं."

"नेलं तर काय होतं?"

माशीने चूल फुंकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती एकटी येणार नाही."

मी हसलो. खरं सांगायचं तर मला मांजर नको होतं. पण पार केलेलं मांजर परत घरात आलेलं बघून जेठूंचं तोंड कसं होईल, ते डोळ्यांपुढे आलं. मी तिला शालीत गुंडाळलं आणि होडीत बसलो.

मेनी नाव ठेवलं. पहिल्याच दिवशी तिने जेठूंच्या वर्तमानपत्रावर मुतून दाखवलं. मी नदीची वाळू आणून टोपलीत भरली. वाळूत ती इतकी नीटनेटकी जायची की आईसुद्धा कौतुक करायला लागली. पण जेठूंची वस्तू दिसली की संपलं. त्यांची मच्छरदाणी फाडली, जपाची माळ ओढून अंगणात नेली, धुतलेल्या धोतरावर चिखलाचे पंजे उमटवले. शेजाऱ्यांनी उपाय सांगितले. नाक घासा, तिखट टाका, पायाला मोहरीचं तेल लावा. मी कशालाच हात लावला नाही. या घरात जेठूंना कुणीतरी त्रास देतंय, हे मला बरंच वाटत होतं.

रात्री ती अडगळीच्या खोलीत झोपायची. तिथे जेठूंच्या पुस्तकांच्या ट्रंका आहेत. त्याआधी ती बुलुपिशीची खोली होती. बुलुपिशी म्हणजे बाबांची आणि जेठूंची धाकटी बहीण, माझी आत्या. लहानपणच्या आजाराने एक पाय ओढत चालायची. लग्न झालं नाही. पुढे डोक्यावर परिणाम झाला, गल्लीतल्या मांजरांशी तासन् तास बोलायची, पाहुण्यांसमोर मध्येच मोठ्याने हसायची. जेठूंना बाहेर मान होता. मी शाळेत असताना त्यांनी तिला नदीपारच्या कुठल्याशा आश्रमात नेऊन ठेवलं. बरी आहे, रमली आहे, हे दर दुर्गापूजेला ते सांगायचे. आम्ही ऐकायचो. मग आम्ही विचारायचंही सोडलं.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते जिन्यात. मेनी वर चढताना प्रत्येक पायरीवर थांबायची आणि मागे बघायची. मागे कुणी नसायचं. कुणीतरी हळू चढतंय, त्याला गाठू द्यावं, तशी थांबायची.

मग एका दुपारी आई स्वयंपाकघराच्या दाराशी विळीवर रोहू कापत बसली होती. बाहेर ऊन होतं, कावळे ओरडत होते, नळ ठिबकत होता. भिण्यासारखं काहीच नव्हतं. मेनी आली आणि आईच्या शेजारच्या मोकळ्या जागेत अंग घासायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, शेपटी उभी. माझ्या पायांत घोटाळताना करते अगदी तसं. फक्त तिथे पाय नव्हते. हवेला टेकून तिचं अंग वाकत होतं... आणि हवा तिला पडू देत नव्हती.

मग ती बसली. डोळे मिटले. तिच्या डोक्यावरचे केस दबले. तो दाब सावकाश मानेवरून, पाठीवरून, शेपटीपर्यंत गेला. पुन्हा डोक्यापासून सुरू झाला.

आईचा हात विळीवर थांबला होता. तिनेही पाहिलं होतं.

"बुलु इथेच बसायची," ती अगदी हळू म्हणाली. "माशाची आतडी मागायला... मांजरांसाठी."

"आई, पिशी आश्रमात आहे ना?"

आईने मासा धुवायला घेतला.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. दुसऱ्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर विचारलं, की जेठू, आश्रमाचं नाव काय? मी पिशीला भेटून येतो. जेठू भात कालवत राहिले. म्हणाले, ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही त्याने दुसऱ्याची विचारपूस करू नये. बाबा या वेळी हसले नाहीत. मी म्हटलं, नाव सांगा. जेठूंनी ताटातच हात धुतला आणि म्हणाले, "ते जनावर घरात आल्यापासून तुझी जीभ सुटली आहे. ते आधी गेलं पाहिजे."

"ते गेलं तर मीही जाईन."

"उत्तम," जेठू म्हणाले.

मला वाटलं, नुसत्या धमक्या आहेत. पण दोन दिवसांनी मी सकाळी पाव आणायला गेलो आणि परत येतो तर आई दारात उभी. जेठूंनी स्वतः, त्या वयात, मेनीची मानगूट धरून तिला पोत्यात कोंबलं होतं. अंगणात उभं राहून पोतं फिरवलं आणि घाटाकडे गेले. बाबा घरातच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

मी धावलो. होडी सुटत होती, उडी मारून चढलो. जेठू फळीवर ताठ बसले होते, पायांशी पोतं. पोत्यातून आवाज नव्हता, हालचाल नव्हती. मी पोत्याला हात घालणार तोच ते म्हणाले, "इथे तमाशा नको. लोक ओळखतात मला." होडीच्या इंजिनाची फटफट, धुकं आणि आम्ही दोघं.

उतरल्यावर जेठू थेट त्या बाकापाशी गेले. मला ते खटकलं. मांजर सोडायला सगळा काठ मोकळा होता.

क्षीरोदामाशी टपरीतून बाहेर आली. जेठूंकडे बराच वेळ बघत राहिली.

"बाबू, पुन्हा आलात?" ती म्हणाली. "मागच्या वेळी पोतं नव्हतं."

जेठूंचे हात गाठीवर थांबले.

माशी ओरडली नाही. चहाचा पेला विसळत सांगत होती, जणू कुठल्या गिऱ्हाइकाची गोष्ट. तुम्ही तिला इथे बसवलंत. म्हणालात, डोळे मीट, मी मिठाई घेऊन येतो. मागे न बघता होडीत बसलात. ती डोळे मिटून बसली. मी म्हटलं, उघड गं. म्हणाली, दादा येऊ दे. पुढे मी भात द्यायचे, अर्धा मांजरांना घालायची. थंडी सरता सरता एका पहाटे बाक रिकामा होता आणि सगळी मांजरं पायऱ्यांवर बसून पाण्याकडे बघत होती.

"आश्रम?" मी विचारलं.

"इथे कसला आश्रम, बाळा."

मी जेठूंकडे पाहिलं. ज्यांनी गावातली अर्धी पोरं खोटं बोलण्याबद्दल फोडून काढली होती, ते खाली वाकून पोत्याची गाठ सोडत होते. गाठ सुटली. मेनी बाहेर आली, अंग झटकलं, बाकाखाली जाऊन बसली. मी उचलायला गेलो तर तिने हात ओरबाडला. तिला यायचं नव्हतं.

जेठू वळले आणि होडीकडे चालू लागले. ताठ मानेने. मागे न बघता.

मी मात्र जागचा हललो नाही. बाकाकडे तोंड करून उभा राहिलो आणि घाटभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"बुलुपिशी... घरी चल."

जेठूंचं पाऊल चुकलं. सावरले. माशीने पदर तोंडावर घेतला. धुक्यातून काही आलं नाही. मी होडीत बसलो तेव्हा माझ्या शेजारची जागा मी रिकामी ठेवली. एकजण तिथे बसायला आला, त्याला म्हटलं, इथे माणूस आहे.

ही कालची गोष्ट.

आज दुपारी आई मासे कापत होती. जेठू नेहमीसारखे ओसरीवर अंगणाकडे पाठ करून जेवायला बसले. मी खांबाला टेकून उभा होतो, हातात भरलेली पिशवी. घर सोडून जाणारच होतो. तेवढ्यात भिंतीवरून एक मांजर उतरलं. मग आणखी एक. गल्लीतली मांजरं, जी जेठूंच्या काठीला भिऊन कित्येक वर्षांत आमच्या अंगणात शिरली नव्हती. ती आईशेजारच्या त्या मोकळ्या जागेत गेली आणि हवेला अंग घासायला लागली. सगळी एकाच ठिकाणी, शेपट्या उभ्या.

मग तो घोळका सरकू लागला. ओसरीकडे. थोडा पुढे, थांबला... पुन्हा थोडा पुढे. कुणीतरी एक पाय ओढत चालावं तसा.

आईने विळी आडवी केली. बाबा खोलीच्या दारात येऊन थिजले. घोळका जेठूंच्या पाठीमागे येऊन थांबला. मांजरं बसली आणि सगळ्यांनी माना वर केल्या, उभ्या बाईचा चेहरा जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्या.

"जेठू," मी म्हटलं, "एकदा मागे वळून बघा."

ते भात कालवत राहिले. घास उचलत नव्हते, नुसते कालवत होते.

त्यांच्या डोक्यावरचे पांढरे केस दबले. सावकाश, मायेने, पुढून मागे. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी तो दाब मानेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मांजराला पोत्यात घालताना जिथे धरतात, तिथे. मानेवरची कातडी गोळा होऊन वर ओढली गेली होती.

अजून तशीच आहे.

मी पिशवी खाली ठेवली.