वैद्यिणीची हाक

चहाघरात जागा असलेलं टेबल एकच उरलं होतं, आणि त्यावर ती रागावून बसली होती.

"बसू का इथे?" त्यानं विचारलं.

"बसा. खुर्चीनं काही माझं वाकडं केलेलं नाही."

तो बसला. बाहेर पावसाची भुरभुर, आत चहाच्या यंत्राची फुरफुर... आणि मध्ये ही, बशीत सांडलेल्या चहाकडे असं बघत होती, जणू तो मुद्दाम सांडला होता. तशी ती फार रागीट नव्हती. जगानं रोज एक नवं कारण पुरवलं की ते वाया जाऊ द्यायचं नाही, एवढाच तिचा काटकसरी स्वभाव.

याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ती गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. राजे, राक्षस, मंतरलेली जंगलं, अशा गेममधल्या पात्रांना खास शक्ती बहाल करायच्या, हे तिचं काम. धनुर्धराला अंधारात दिसावं, योद्ध्याला आगीनं चटका बसू नये, वगैरे. कचेरीत तिला शक्तीवालीच म्हणत. आता एवढ्या सगळ्यांना शक्ती वाटणाऱ्या बाईला स्वतःचा चहा शांतपणे प्यायची शक्ती नव्हती, हा भाग वेगळा.

आजचं कारण होतं परीक्षक. नवी शक्ती गेममध्ये राहणार की जाणार, ते बाहेरून बोलावलेल्या खेळाडूवर ठरायचं. त्याला काही सांगायचं नाही. तो पडद्यासमोर बसून खेळणार. शक्ती बनवणारी त्याच्या पाठीमागे तोंडाला कुलूप लावून बसणार. त्यानं आपणहून शक्ती वापरली तर ती राहिली. नाही वापरली तर विभागप्रमुख बाई ती छाटून टाकत. त्या बाईंना सगळे कात्रीबाई का म्हणत, ते वेगळं सांगायला नको.

शक्तीवालीनं यंदा जीव ओतला होता तो वैद्यिणीत. ते बिचारं पात्र नुसतं मागे उभं राहून पट्ट्या बांधायचं. तिला हिनं 'प्राणदान' दिलं... सोबती कोसळला की वैद्यीण आपला अर्धा जीव त्याला देते. आणि परीक्षक ते बटण दाबायलाच तयार नव्हता.

"माणूस आहे की ओंडका," तिनं समोरच्या अनोळखी माणसाला सगळं ऐकवलं. "धनुर्धर पडलाय. बटण डोळ्यांसमोर लुकलुकतंय. आणि हा त्याला खांद्यावर टाकून अख्खं जंगल तुडवत छावणीत नेतोय. मागे मी पेनाचं टोपण चावतेय."

"दिसायला कसा आहे?"

"मागून काय कळणार? कान दिसतात. कपाटाची दोन्ही दारं उघडी राहावीत, तसे."

तो कपात तोंड घालून हसला. मग डोक्यावरची ओली टोपी काढून झटकली आणि साखर आणायला वळला.

तिनं पाहिलं. डोक्यामागचा तो रोजचा भोवरा. ते कान... उघडी राहिलेली दारं.

तो परत आला तेव्हा ती उभी होती. "तुम्ही मुद्दाम बसलात इथे."

"जागा नव्हती कुठे. पण तुम्ही उसासा टाकलात ना, तेव्हा ओळखलं. तो रोज माझ्या मानेवर येतो."

माणसांच्या कानांना ऐकण्याची यंत्रं बसवून देणं हा त्याचा धंदा होता. बारीक आवाज हेरण्याची खोडच लागलेली. तिनं त्याला नियमाची आठवण करून दिली. परीक्षकाची आणि शक्ती बनवणाऱ्याची ओळख निघाली, तर चाचणी रद्द. त्यावर तो शांतपणे म्हणाला, की मग आपण भेटलोच नाही.

"न भेटता एवढं तरी सांगा... बटण का दाबत नाही?"

"पहिल्या दिवशी, तुम्ही मागे येऊन बसायच्या आधी, चुकून दाबलं होतं. ती खोकली."

"कोण?"

"तुमची वैद्यीण. अर्धा जीव दिला की तिचा श्वास घरघरतो. ऐकवत नाही मला."

"ते चित्र आहे हो."

"धनुर्धरही चित्रच आहे. मग त्याच्यापायी हिनंच का झिजायचं?" त्यानं साखर ढवळली. "आणि एक विचारू? ही पडली की हिच्याकडे कोण धावतं?"

बायकांच्या पात्रांना कचेरीत कुणी विचारत नाही म्हणून वर्षभर भांडली होती ती. आणि शक्ती द्यायची वेळ आली तेव्हा स्वतः काय दिलं, तर दुसऱ्यासाठी मरायची सोय. चुकलेल्या माणसाला जितका राग येतो, तितका बरोबर असलेल्याला कधीच येत नाही. ती चहा तसाच टाकून निघून गेली.

घरी तिनं ताईला सगळं सांगितलं, ताईनं तरी आपली बाजू घ्यावी म्हणून. ताई नाक शिंकरत घरभराच्या कपड्यांना इस्त्री करत होती.

"बरोबर बोलतोय तो," ताई म्हणाली. "दिसतो कसा?"

"मागून बरा आहे."

ताईनं इस्त्री उभी करून ठेवली आणि धाकटीकडे नीट पाहिलं.

त्यानंतर ती दोघं पुष्कळदा भेटली नाहीत. म्हणजे त्याच टेबलावर, समोरासमोर बसून, एका बशीतली बिस्किटं वाटून घेत भेटली नाहीत. ती आल्या आल्या कुणाची ना कुणाची तक्रार मांडायची, तो ती पूर्ण ऐकून घ्यायचा. मध्ये न बोलता ऐकणारा पुरुष तिच्या पाहण्यात पहिलाच होता, त्यामुळे सुरुवातीला तिला त्याचाही संशय आला.

"तुम्हाला कधीच राग येत नाही का?" तिनं विचारलं.

"येतो ना. तुम्ही लवकर उठून जाता तेव्हा."

तिनं बिस्कीट चहात बुडवलं ते बुडवूनच ठेवलं...

प्राणदान तिनं स्वतःच काढून टाकलं. त्याच्या जागी 'हाक' आणली. वैद्यीण कोसळली की ती हाक मारू शकते, आणि तिनं ज्याला ज्याला बरं केलं असेल त्याला हातातलं काम टाकून यावं लागतं. प्रत्येकानं थोडा थोडा जीव दिला की ती उठते. कात्रीबाईंनी नाक मुरडलं. मदत मागणारी वैद्यीण दुबळी दिसते, म्हणाल्या. त्यावर शक्तीवालीनं विचारलं, की आपला योद्धा सगळ्या राज्यांत मदत मागत हिंडतो, त्याला मात्र आपण सेनापती कसं म्हणतो? कात्रीबाईंनी एक शेवटची चाचणी दिली. यातही हाक वापरली गेली नाही, तर वैद्यीण होती तशी, पट्ट्या बांधत उभी.

चाचणीच्या दिवशी तो पडद्यासमोर, ती मागे. 'हाक'बद्दल तिनं त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं; टेबलावरही नाही. पुलाशी वैद्यीण कोसळली. त्याचा अंगठा क्षणभर थांबला... आणि त्यानं बटण दाबलं. योद्धा तलवार फेकून धावत आला, धनुर्धर लंगडत आला. वैद्यीण उठली. खोकली नाही.

कात्रीबाई समाधानानं कागद पुढे ओढून नेहमीचा प्रश्न विचारत्या झाल्या. "तुमची दोघांची ओळख आहे?"

"नाही," तो म्हणाला.

किती सफाईनं म्हणाला. फक्त कान लाल झाले. खरं तर हे खोटं तिच्यासाठीच होतं. हिशेबाच्या माणसानं ते त्याच्या जमेलाच धरलं असतं. पण एवढी बिस्किटं, एवढ्या संध्याकाळी, आणि 'नाही'? तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"आहे," ती म्हणाली.

कात्रीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कशी?"

"चहाची. म्हणजे चहापासून सुरू झालेली. कुठवर आलीय ते माहीत नाही. यांना तर सुरू झालेलीच माहीत नाही."

चाचणी रद्द. दोघांनाही बाहेर काढून दाराला आतून कडी लागली. खालच्या विमा कचेरीतल्या काकू जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गेम खेळतात, एवढ्या भांडवलावर कात्रीबाईंनी त्यांना परीक्षक म्हणून बोलावून पडद्यासमोर बसवलं.

बाहेर जिन्याशी आता तो चिडला होता. पहिल्यांदाच.

"सगळी मेहनत घालवलीत. मी एक शब्द खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं?"

"मला नाही म्हणालास तू."

"तुमच्या हाकेसाठी म्हणालो."

"हाक दुसरी बनवता येईल मला." तिचा आवाज फुटला, त्याचाही तिला राग आला. "तू कुठून आणू दुसरा?"

तो तिच्याकडे एक पाऊल सरकला... आणि एकदम त्यानं मान दाराकडे वळवली.

"पडली," तो कुजबुजला. "वैद्यीण."

"मग?"

"काही नाही. काकू तिला सरपटत पुढे नेतायत."

"एकटीला?" तिनं त्याची बाही मुठीत धरली. आत इतकं शांत, की तिला तिचाच श्वास ऐकू येत होता. काकू बटण दाबत नव्हत्या. आयुष्यभर कुणाला हाक न मारलेली बाई गेममध्ये तरी कशी मारणार...

"मारली," तो म्हणाला.

"आलं कुणी?"

"योद्ध्याचे बूट. आणि तो... लंगडतोय तो."

पुढचं ऐकायला त्याच्या कानांची गरज पडली नाही. "आलात ना? मग इतका वेळ कुठे होता मेल्यांनो," काकू पडद्याला झापत होत्या, आणि आवाजावरून चांगल्याच खूश होत्या.

दार उघडलं. कात्रीबाई म्हणाल्या की शक्ती राहील. काकू उठायला तयार नाहीत. मग त्यांची नजर त्याच्या बाहीवरच्या मुठीवर गेली. मूठ सुटली नव्हती.

"मी मघाशी खोटं बोललो," तो म्हणाला. "आमची ओळख आहे. आणि मला ती जन्मभर ठेवायची आहे, यांची हरकत नसेल तर."

"यांची हरकत एकच आहे," शक्तीवाली म्हणाली, आणि बाही तिनं आणखी घट्ट धरली. "एवढं बोलायला इतका वेळ लावलास."