पांढरा धूर आणि सुकडीचा ट्रक

"रेटा! जोर लावा! आणखी एकदा!"

पारनेरकडच्या माळावर नीट उजाडलंही नव्हतं. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावरची माणसं, अंगावरच्या घोंगड्या तशाच ठेवून, ट्रकला खांदा लावत होती. ट्रक उतारावर गडगडला, खोकला, हिसका खाऊन थांबला. पुन्हा रेटला, पुन्हा खोकला. आणि मग धुराड्यातून धूर सुटला.

पांढरा! पिंजलेल्या कापसासारखा दाट! डोळे चुरचुरवणारा!

मरियाने ओढणीने नाक झाकलं. तिच्या शेजारी उभा असलेला आमोस, तिचा धाकटा भाऊ, खोकत खोकत हसला. "ताई, बाबांचा ट्रक विडी ओढतो!"

मरिया हसली नाही. केबिनमध्ये बसलेल्या बाबांचा चेहरा तिला दिसत होता.

बाबा म्हणजे गिदोन ड्रायव्हर. तो तालुक्याच्या गावाहून रोज सुकडी, म्हणजे पोरांना वाटायचा पौष्टिक कोरडा खाऊ, आणायचा. दुपारी कामावरची पोरं वाट्या घेऊन रांगेत बसायची. कित्येकांच्या पोटात दिवसभरात तेवढंच पडायचं. गिदोनला नाताळची रजा नव्हती. म्हणून मुलंच श्रीरामपूरहून एस.टी.ने त्याच्याकडे तळावर आली होती.

"पुन्हा उशीर!" ओव्हरसियर साहेब तंबूतून बाहेर आले. "काल सुकडी संध्याकाळी पोचली. पोरं रडून झोपली, गिदोन!"

"डिझेल फवारणारे नोझल खराब असतील, साहेब. रेडिएटरचं पाणी बघितलं, कमी होत नाही. ऑइलही चांगलं आहे."

"नोझल!" स्टोअरकीपर कारभारी हसला. "साहेब, वास घ्या! ह्यो डिझेल विकतो आनि टाकीत रॉकेल ओततो. म्हणून गाडी थंडीत उठत न्हाई."

गिदोन केबिनमधून खाली उतरू लागला.

"आजची खेप कर," साहेब म्हणाले. "इंजिनाला हात लावायचा नाही. उद्या दुसरा ड्रायव्हर येतोय. किल्ली त्याच्याकडे द्यायची."

चोर! शब्द कोणी उच्चारला नव्हता. तरी तो माळभर ऐकू गेला.

*

धुराचे रंग

बाबांनीच ते कधीतरी मुलांना शिकवलं होतं. काळा धूर, म्हणजे गाडी पचेल त्यापेक्षा जास्त डिझेल खातेय. निळा, म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा, म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. थंडीत पहिल्यांदा चालू करताना थोडा पांढरा यायचाच. इंजिन तापलं की जायचा.

थोडा.

एवढा नाही.

"तुझ्या बापानं घातलं असंल का रॉकेल?" कानिफने विचारलं. कानिफ म्हणजे पाणी वाढणाऱ्या रंगुबाईचा नातू. दोन दिवसांतच तो या भावंडांचा दोस्त झाला होता. मनात आलेलं तोंडावर बोलायची त्याला वाईट सवय होती.

आमोसने त्याला ढकललं. "परत बोल! परत बोलून दाखव!"

"थांब, आमोस," मरिया म्हणाली. "त्याने विचारलं. बाकीचे तर विचारतसुद्धा नाहीत." ती पायाने माती उकरत होती. "आपण बघू या. रॉकेल असेल तर असेल."

"आनि असलं तर?"

मरिया कंदील आणायला निघाली.

*

रॉकेल

त्यांनी कंदिलातलं थोडं रॉकेल काचेच्या बाटलीत घेतलं. आता डिझेल हवं होतं. ट्रकमध्ये रोज भरायच्या डिझेलचे ड्रम लिंबाखाली, कारभारीच्या राहुटीला लागून उभे होते. आमोस आणि मरिया तिकडे नुसते फिरकले तरी कारभारी ओरडला, "ए ड्रायव्हरच्या पोरांनो! पळा हितून!"

"मी जातो," कानिफ म्हणाला.

तो एकटा गेला नाही. तळावरचं खरजेनं खंगलेलं कुत्रं दोरी बांधून सोबत नेलं आणि थेट कारभारीच्या बाजेजवळ नेऊन उभं केलं!

"अरं, अरं! लांब कर ते! माझ्या अंथरुणाला घासतंय!"

"काका, डिझेल लावल्यावर खरूज जाती म्हनं. बाटलीभर द्या की. न्हाईतर ह्ये हितंच बसंल. त्याला तुमची लई माया हाय."

"कसली माया! धर, धर, आण ती बाटली!"

कारभारीने ड्रमात रबरी नळी पार तळापर्यंत घातली, तोंडाने ओढली, थुंकला आणि बाटली भरून दिली. कुत्र्याच्या पाठीला त्यातलं चार थेंब डिझेल लागलंही. कानिफ खोटं बोलला नव्हता.

मिसळ कशी दिसते ते बघायला मरियाने वरचं अर्धं डिझेल रॉकेलच्या बाटलीत ओतून हलवलं. उरलेलं तसंच राहू दिलं. दोन्ही बाटल्या बाबांच्या राहुटीत, फळीवर.

रात्री गिदोन जेवला नाही. ट्रंकेतले कपडे काढून नीट घडी घालत बसला. "नाताळला घरीच जाऊ आपण," म्हणाला. आवाज आनंदी करायचा त्याने फार प्रयत्न केला.

*

रेघ

सकाळी आमोस किंचाळला. "ताई! बाटलीत रेघ!"

रॉकेल मिसळलेली बाटली एकजीव होती. रॉकेल कुठे संपतं आणि डिझेल कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. पण नुसत्या डिझेलच्या बाटलीत दोन मजले झाले होते! वर पिवळसर डिझेल. खाली काहीतरी स्वच्छ, नितळ, बिनरंगी.

"पानी?" कानिफ पुटपुटला. "छ्या! प्यायला पानी न्हाई, आनि डिझेलमध्ये कुठनं येईल?"

म्हणूनच कुणाच्या मनात ते आलं नव्हतं! सगळा तळ पाण्याच्या थेंबासाठी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. नको त्या जागी पाणी असेल, असं कोणाला सुचणार होतं?

ते रंगुबाईच्या चुलीकडे धावले. तवा तापला होता. "आजी, भाकरी थांबव!" मरियाने बाटलीवर अंगठा धरून ती उलटी केली, तळाचं नितळ खाली तोंडाशी येऊ दिलं आणि त्याचा एक थेंब तव्यावर सोडला.

चर्र! थेंब तडतडत नाचला आणि नाहीसा झाला.

"पाणीच!" आमोसने उडी मारली. "बाबा चोर नाहीत! बाबा चोर नाहीत!"

"माझा तवा नासवला की रं!" रंगुबाई ओरडत होती. पण ती तिघं केव्हाच लिंबाखाली पोचली होती.

*

लिंबाखाली

ड्रमांवर नवे माठ ठेवलेले होते. मजुरांच्या पिण्याचे. माठ बाहेरून ओलेगच्च. पाझर उतरून ड्रमाच्या उंच कडेच्या आत पाणी साचलेलं, बशीत साचावं तसं. त्या पाण्यात ड्रमाचं तोंड. तोंडाला लोखंडी बूच नव्हतं. चिंधी कोंबलेली होती. चिंधी ओली होती.

"चिंधीतून आत!" आमोस म्हणाला. "कंदिलाच्या वातीसारखं! चला, साहेबांना सांगू!"

मरिया जागची हलली नाही.

माठ आधी जमिनीवर असायचे. शेळ्या तोंड घालायच्या. रंगुबाई कुरकुरली, तेव्हा भरलेले माठ आपणच उचलून ड्रमांवर ठेवले, असं बाबांनी मोठ्या हौसेने पत्रात लिहून कळवलं होतं.

"माठाचं नगं सांगू," कानिफ हळूच म्हणाला. त्यालाही कळलं होतं. "पानी हाय, येवढंच सांग. आजीचं कामबी जाईल, न्हाई तर."

आमोसची उडी मारायची इच्छा संपली होती.

*

नवा ड्रायव्हर आला होता. गिदोनने खिशातून किल्ली काढली.

"साहेब!" मरियाचा आवाज चिरकला. तिने दोन्ही बाटल्या पुढे धरल्या. "ही रॉकेलची. मिसळलं की रॉकेल वेगळं दिसत नाही. आणि ही ड्रमातली. खाली पाणी आहे! तव्यावर टाकून बघितलंय. टाकीच्या तळातून रोज सकाळी आधी तेच इंजिनात जातं."

"ड्रमातलं?" साहेबांनी बाटली उजेडात धरली. "कारभारी, हे तुमच्याकडचं?"

"कुत्र्याला लावायला दिलं मी ते!" कारभारी गडबडला.

"म्हणजे तुम्हीच दिलंत! पाणी आलं कुठून, पोरी?"

आता सगळे तिच्याकडे बघत होते. कानिफही. बाबाही.

"ड्रमावर माठ आहेत, ते पाझरतात," ती म्हणाली. "बुचाच्या जागी चिंधी आहे, ती पाणी ओढते. माठ..." तिने बाबांकडे बघितलं. "माठ बाबांनी ठेवले. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून."

गिदोनने डोळे मिटले. मग उघडले. "खरं आहे, साहेब. मीच ठेवले. दिवसा ड्रम तापतो, रात्री गार पडला की आत हवा ओढतो, हवेबरोबर पाणी. मला कळायला हवं होतं. ड्रायव्हर मी आहे."

"मीच म्हनले हुते त्याला वर ठेव म्हनून!" गर्दीतून रंगुबाई ओरडली. "मला काय ते बोला!"

"आणि बूच?" साहेबांनी कारभारीकडे बघितलं.

बूच कारभारीच्या राहुटीत सापडलं. दाराची ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून तेच वजन म्हणून ठेवलं होतं.

साहेबांनी खूण केली तेव्हा गिदोन ट्रकखाली शिरला. टाकीचा खालचा नट सैल केला. आधी पाणी आलं. बरंच आलं. तेलकट, कोणाच्याही उपयोगाचं नसलेलं पाणी माळाच्या भेगांत शिरत गेलं आणि हंडे घेऊन उभ्या बायका ते बघत राहिल्या.

*

नाताळची सकाळ

थंडी अशी की बोटं वळत नव्हती. फिल्टर साफ झाला होता, दुसरं डिझेल भरलं होतं, माठ दगडांच्या उंच ओट्यावर गेले होते. माणसं सवयीने ट्रकमागे खांदा लावायला आली.

"नको," गिदोन म्हणाला. "बाजूला व्हा."

मरियाने आमोसचा हात घट्ट धरला. नवा ड्रायव्हर अजून गेलेला नव्हता. तो साहेबांच्या शेजारीच उभा होता.

इंजिन कुरकुरलं. थांबलं. पुन्हा कुरकुरलं, आणि धडधडू लागलं! धुराड्यातून पांढऱ्या धुराचा एक लहानसा पुंजका निघाला आणि विरून गेला. मागे उरली ती नुसती थरथरणारी हवा.

"हुर्रे!" आमोस आणि कानिफ एकमेकांच्या गळ्यात पडले.

कारभारी गिदोनच्या दाराशी गेला. "चुकलो, गिदोन," एवढंच म्हणाला. गिदोनने मान हलवली.

साहेब मरियाजवळ आले. "बाटल्या हुशारीच्या होत्या, पोरी. शाबास तुम्हा तिघांची! पण एक सांगतो. नुसत्या बाटल्यांवर मी किल्ली गिदोनकडे राहू दिली नसती. म्हटलं असतं, बापासाठी पोरीने काहीतरी केलं असेल. तू माठाचं सांगितलंस, तेव्हा बाकीचंही खरं वाटलं."

मग ते नव्या ड्रायव्हरकडे वळले. "तुम्ही निघा. आमचा ड्रायव्हर आहे."

"आजी, सुकडी आज वेळेवर!" केबिनमधून गिदोन ओरडला. त्याने दार उघडून धरलं. "बसा रे तिघं! कानिफ, तू पण! पण कुत्रं खाली ठेव!"

ट्रक वळणाला दिसेनासा झाला, तेव्हा माळावरची पोरं आपापल्या वाट्या घासायला बसली होती.