हिरव्या बटणाची वेळ

मोज्याला त्याचं हे नाव मावशीने ठेवलं होतं, कारण लहानपणी तो जिने, गज, दुसऱ्यांच्या ताटातले घास, सगळं मोजत सुटायचा. मोठेपणी त्याने त्याचाच धंदा केला. कॉम्प्युटरमधला कुठला प्रोग्राम किती वेळ खातो आणि कुठे रेंगाळतो, हे मोजून द्यायचं. मोजल्याशिवाय बोलणाऱ्या माणसांचा त्याला मनापासून राग होता.

मावशी ज्या वृद्धाश्रमात राहायची, तिथल्या मॅनेजरने त्याला सोमवारी बोलावलं. वरच्या मजल्यावर बेलला उशिरा दाद मिळते, अशा तक्रारी होत्या. संस्थेने अट घातली होती की वरच्या मजल्याची आठवड्याची सरासरी तीस सेकंदांच्या आत हवी, नाहीतर तो मजला बंद करून मंडळींना तीन गावांतल्या आश्रमांत वाटून टाकायचं. आकडे शुक्रवारी अकराला हवे होते.

वरच्या मजल्यावर मावशी होती आणि तिच्या पत्त्यांच्या तीन मैत्रिणी. चौघींनी चार वर्षं रमी खेळत, भांडत आणि एकमेकींची पानं चोरून बघत काढली होती. "मला दुसरीकडे पाठवलंत तर मी पहिल्याच दिवशी मरेन," मावशी हसत हसत म्हणाली, पण मोज्याने ते हसण्यावारी नेलं नाही. त्याला आई नव्हती. जे काही होतं ते ही मावशीच.

बेलचा प्रोग्राम साधा होता. आपणहून तो काहीच करत नसे. दुपारच्या दुकानदारासारखा पेंगत बसायचा आणि गिऱ्हाईक आलं की उठायचा. खाटेजवळचं लाल बटण दाबलं की उठून सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजवायची आणि दिवा लावायचा. सिस्टर खोलीत पोचून भिंतीवरचं हिरवं बटण दाबेल तेव्हा पुन्हा उठून नोंद करायची. मोज्याने त्यात चार ओळी घातल्या. प्रत्येक लाल बटणाची वेळ, प्रत्येक हिरव्याची वेळ. प्रत्येक खोलीची पहिली बेल आणि पहिली पोच यांची जोडी, मग दुसरी, मग तिसरी. वजाबाकी केली की झालं.

सोमवारी संध्याकाळी खालच्या मजल्याचे आकडे नाकासमोर चालणारे निघाले. बावीस, सत्तावीस, एकोणीस. वरच्या मजल्यावर तीन ठिकाणी वजा चार आलं होतं. म्हणजे सिस्टर पोचल्यावर चार सेकंदांनी बेल वाजली होती.

मोज्याने स्वतःलाच दोन शिव्या दिल्या आणि चूक शोधायला बसला. घड्याळ एकच होतं, मशीन एकच होतं, आणि सगळी बटणं एकाच रांगेतून येत होती. रांगेत कोणी घुसत नव्हतं. मंगळवारी तोच आकडा वजा तीस झाला आणि बुधवारी वजा तीन मिनिटं. मोज्याने हात टेकले आणि सरळ वर जाऊन सिस्टरच्या शेजारी खुर्ची टाकली.

सकाळचे दहा वाजले होते. फिनेलचा वास होता, कुठेतरी रेडिओ लागला होता. सिस्टर फाइल लिहीत होती. एकाएकी पेन ठेवून ती उठली, सात नंबरात गेली, तिथल्या आजोबांचा खाटेखाली पडलेला चष्मा काढून दिला, हिरवं बटण दाबलं आणि परत येऊन लिहू लागली. घंटी वाजली नव्हती. मोज्याने तसं विचारलं, तर तिने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"वाजली की. तुमचं लक्ष त्या मशीनमध्ये."

तीन मिनिटांनी घंटी खणखणीत वाजली. सात नंबरचा दिवा लागला. सिस्टरने मान वर न करता हात लांबवून दिवा बंद केला.

"ती झाली मघाशीच," ती म्हणाली.

आजोबांचं म्हणणं असं पडलं की बटण दाबल्याबरोबर चष्मा मिळाला, आणि अशी चलाख सिस्टर दुसरी नाही. सगळा मजलाच खूश होता. गरम पाणी, औषध, उशी, सगळं मनात यायच्या आत हजर. मावशीने तर त्यावरून पैजा लावायला सुरुवात केली होती आणि ती सारखी जिंकत होती. विचित्र वाटत होतं ते एकट्या मोज्याला.

गुरुवारी आकडा वजा आठ मिनिटं झाला.

त्या दिवशी त्याच्या मनाची फार ओढाताण झाली. नियमाने असले आकडे बिघाड म्हणून गाळायचे असतात. ते गाळले की सरासरी एक्केचाळीस सेकंद येत होती आणि मजला जात होता. ठेवले तर मजला वाचत होता, पण मग ते खरे मानावे लागत होते. आयुष्यात पहिल्यांदा मोज्याने मोजलेलं पटत नसतानाही तसंच राहू दिलं, आणि तेही मावशीसाठी.

शुक्रवारी मॅनेजरने कागद उलटसुलट केला आणि एवढंच विचारलं, की तीसच्या आत आहे ना?

"बरंच आत आहे," मोज्या म्हणाला.

मॅनेजरने तिथल्या तिथे सही ठोकली. मोज्याचा जीव भांड्यात पडला. दोन दोन पायऱ्या चढत तो मावशीच्या खोलीत गेला आणि बातमी सांगितली. चौघींनी खोली डोक्यावर घेतली. मावशीने त्याला खुर्ची दिली आणि पुढच्या डावात त्याचीही पानं वाटली. मोज्याच्या हाती पहिल्याच फटक्यात शुद्ध सिक्वेन्स आला.

तेवढ्यात दार उघडलं. सिस्टर धावत आली होती. तिच्यामागे स्ट्रेचर घेतलेले दोघे होते.

सिस्टरने भिंतीवरचं हिरवं बटण दाबलं.

"अगं, बेल कुणी वाजवली? आम्ही खेळतोय," मावशी हसत म्हणाली.

सिस्टर मावशीकडे आली नाही. ती मोज्यासमोर वाकली, त्याची बाही वर केली आणि दंडाला पट्टा गुंडाळू लागली.

"दादा, आडवे व्हा बघू. छातीत कधीपासून दुखतंय?"

मोज्याला काही दुखत नव्हतं. त्याने तसं सांगितलं.

"मावशींनी बोटच काढलं नाही बेलवरून," सिस्टर पट्ट्यात हवा भरत म्हणाली. "तुम्हाला किती हाका मारत होत्या."

तिघी मैत्रिणी मावशीकडे बघू लागल्या.

मोज्याने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. सकाळचा आकडा वजा चौदा मिनिटं होता.

मावशीच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं. पानं मात्र तिने पालथी ठेवली, आणि उशीमागची वायर ओढून लाल बटण मुठीत धरलं.