उष्टा चमचा

पानगळ सुरू झाली की तिच्या स्वयंपाकघरात एकच गडबड असायची, केकची. साधासुधा केक नव्हे. संत्र्याच्या रसात मुरलेल्या मनुका, अंजीर आणि जर्दाळू घातलेला, मंद आचेवर तासन् तास भाजलेला, आणि मग थंडी पडेपर्यंत दर रविवारी चमचा चमचा रम पाजून जोपासलेला. पाजणं हाच तिचा शब्द. "तान्हं मूल आहे ते," ती म्हणायची, "हयगय केली की सुकतं."

मधली काही वर्षं केक झालाच नव्हता. नवरा बस चालवायचा आणि प्यायचाही, आणि या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत. शेवटी त्याने दारू सोडली, ती अशी की खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगायचा. तरी डेपोत रोज सकाळी त्याला दारू तपासायच्या यंत्राच्या नळीत फुंकर मारून दाखवावी लागे. यंत्र वाजलं तर नोकरी गेली, हे त्याला लेखी कळवलेलं होतं.

यंदा तोच म्हणाला, "कर गं केक. मी काय केकला घाबरतो?"

मिश्रण घट्ट, ते घोटायला त्याचेच दंड लागायचे. रम अजून कपाटात होती, त्यामुळे तिने त्याला बिनघोर पातेल्यापाशी बसवलं. तिची पाठ वळताच त्याने लाकडी चमचा चाटला आणि तोच पातेल्यात घालून पुन्हा घोटायला लागला.

"उष्टा केलात ना?"

"ओव्हनमध्ये गेल्यावर कसलं आलंय उष्टं-खरकटं," तो म्हणाला. तिला हसू आलं. किती दिवसांनी घरात असं हसणं होत होतं.

केक सुरेख फुगला. रविवारी दुपारी तिने विणकामाची बारीक सुई घेऊन त्यात भोकं पाडायला सुरुवात केली. बाहेरच्या खोलीत नवरा कळवळला.

"काय झालं?"

"काही नाही. पाठीत चमक भरली."

तिने चमचाभर रम ओतली. एरवी ती जरा वेळ वर तरळते, मग हळूहळू आत उतरते. या वेळी एका दमात गेली. तिने आणखी दोन चमचे घातले, तेही तसेच गेले. चांगलंच मुरतंय म्हणून ती खूश झाली.

संध्याकाळी नवरा उगाचच मोठ्याने हसत होता. दिव्याचं बटण त्याला सापडेना. तिने जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचाच.

"तुझी शपथ, थेंब नाही घेतला," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

"शपथा मी तेव्हाही ऐकल्या होत्या."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला नजर काढून घ्यावी लागली. पण दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. सकाळी यंत्र कुरकुरलं. डेपोतला साहेब जुना मित्र, त्याने तासाभराने पुन्हा फुंकायला लावून वेळ मारून नेली. पुढच्या वेळी मला डोळे झाकता येणार नाहीत, असंही तो म्हणाला.

तिने नणंदेला फोन केला. थोरली नणंद ही, त्याला लहानपणी कडेवर घेऊन वाढवणारी, आणि मोठेपणी दारूतून कान धरून बाहेर काढणारीही तीच.

"ताई, पुन्हा सुरू झालंय."

"मी येते. बाटली कुठे कुठे लपवतो, ते मला पाठ आहे."

पुढच्या रविवारी तिने नवऱ्याला समोरच बसवलं. नजरेआड होऊच द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तो वर्तमानपत्र वाचत होता. तिने केकभोवती गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि वर एक चमचा रम घातली.

नवऱ्याने घोट गिळला.

तिने त्याच्या गळ्याकडे पाहिलं. दुसरा चमचा घातला. गळा पुन्हा हलला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"डोकं का गरगरतंय गं?" तो म्हणाला.

तिचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने टेबलावरचा गार झालेला चहा चमच्यात घेतला आणि केकवर ओतला.

नवऱ्याने तोंड वाकडं केलं. "शी. तोंडाला गार चहाची चव येतेय."

तिने केक गुंडाळला, डब्यात घातला आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यांमागे ठेवला. त्याला सांगणार तरी काय? सोमवारी यंत्राच्या धास्तीने त्याने डेपोत ताप आल्याचा फोन केला आणि घरी राहिला. मंगळवारी यंत्र गप्प राहिलं.

केक फेकून द्यावा, तर कुठे? कचऱ्यात मुंग्या होत्या, रस्त्यावर कुत्री होती. नुसता ठेवून द्यावा, तर दोन दिवसांत नवऱ्याचे ओठ फुटले, तांब्यामागून तांब्या पाणी पिऊनही त्याची तहान भागेना. शेवटी ती रोज सकाळी केकला चमचाभर कोमट दूध पाजू लागली. नवरा सुधारला. तिला त्याची माफी मागायची होती, आणि मागता येत नव्हती.

नणंदेला तिने कळवलं, "येऊ नका ताई, माझाच गैरसमज झाला." नणंदेने ते खरं मानलं नाही. ही पूर्वीही अशीच नवऱ्यावर पांघरूण घालायची.

एका दुपारी दूध घेऊन ती घरी परतली तेव्हा दार उघडं होतं. नणंदेकडे किल्ली असायची. स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उघडी, पिठाचे डबे खाली, आणि टेबलावर तो डबा. शेजारी सुरी आणि ताटली.

"बाटली नाही सापडली," नणंद म्हणाली. "वास येत होता तो याचा. छान झालाय गं. जरा खारट लागतो, एवढंच."

"किती कापलात?"

"कडेचा एवढासा. का?"

तिने नवऱ्याला फोन लावला. चालवताना तो उचलत नसे. ती खिडकीत जाऊन उभी राहिली. झाडं जवळजवळ उघडी झाली होती. कोपऱ्यावरून बस गेली, ती त्याची नव्हती. मग आणखी एक गेली.

अंधारून येता येता जिन्यात पावलं वाजली.

दारात तो उभा होता. धडधाकट.

तिने त्याचे दोन्ही हात धरले, बोटं चाचपली, चेहरा पाहिला.

"काय गं, झालं काय?" तो हसला. श्वासाला कसलाही वास नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

"इकडे ये," आतून नणंद दरडावून म्हणाली. "तोंड उघड बघू."

तो थबकला. मग अदबीने पुढे होऊन त्याने हात जोडले.

"नमस्कार. बसा ना तुम्ही, उभ्या का?"

आणि बायकोच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "या कोण?"

नणंदेला वाटलं, भाऊ चेष्टा करतोय. ती हसली, आणि ताटलीत उरलेला चुरा तिने बोटाने टिपून तोंडात घातला.