एकोणिसावी खिडकी

चौकीतला फोन चार वाजून वीस मिनिटांनी वाजला. पलीकडे धक्क्यावरचा तिकीटवाला होता.

"मॅडम, अडीचच्या फेरीतले एक आजोबा परत आलेच नाहीत म्हणे. त्यांची मुलगी इथं रडतेय. पण आमची मोजणी तर बरोबर आहे हो. बत्तीस गेले, बत्तीस आले."

पाच मिनिटांत इन्स्पेक्टर बाई धक्क्यावर होत्या. चार बाक, तिकिटाची खिडकी, कठड्याशी लोकांना दुर्बिणीतून किल्ला दाखवणारा एक म्हातारा, आणि समोर ती जुनी खाडी, जिचं चित्र प्रत्येक तिकिटावर छापलेलं असतं. नौका रिकामी डुलत होती. प्रवासी केव्हाच पांगले होते.

मुलगी चाळिशीची होती. केस वाऱ्यानं पार विस्कटलेले, नाक उन्हानं लाल झालेलं.

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

"किल्ल्याला वळसा घालताना. मागच्या रांगेत आम्ही दोघंच होतो. नौका वळली, मी जरा तिकडं पाहिलं, आणि मग ते नव्हतेच."

"आरडाओरडा नाही केलात?"

"वाटलं, पुढं जाऊन बसले असतील. उतरताना बघितलं तर कुठंच नाहीत. त्यांनी लाइफ जॅकेटही काढून ठेवलं होतं. मी ते परत केलं."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. आधी माणूस, मग प्रश्न, असा त्यांचा खाक्या होता. दोन बोटी किल्ल्याकडे पिटाळल्या, मच्छीमारांना कळवलं. भरती लागली होती आणि पावणेसहापर्यंत पाणी चढतच राहणार होतं. पाण्यात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला किती वेळ मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. मुलीला बहुतेक ठाऊक नव्हतं, आणि ते बरंच होतं.

मग त्यांनी खलाशाला गाठलं.

"बत्तीस आले, हे कशावरून?"

"जॅकेटांवरून. तिकिटामागं एक जॅकेट खिडकीतच देतात. उतरताना या पेटीत टाकायचं. पेटीत बत्तीस भरली की आम्ही मोकळे."

"माणसं मोजत नाही?"

"माणसं हलतात, मॅडम. जॅकेटं गप पडून राहतात."

एरवी बाई हसल्या असत्या. "तिच्या तिकिटांवर नंबर कुठले?"

"सतरा आणि अठरा. जॅकेटांवरही तेच."

"ती दोन बाजूला काढून ठेवा. आणि आज सकाळी, याच्या आधीची फेरी कुठली होती?"

"शाळेची सहल होती. एवढी एवढी पोरं. सगळ्यांचे पट्टे आवळता आवळता माझा जीव गेला."

तिकीटघरात एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. मुलगी एका खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, कुणीतरी कधीही हाक मारेल आणि उठावं लागेल अशी. तिनं मोबाइलवर वडिलांचा फोटो दाखवला. आडव्या हाडाचा माणूस, सुटलेलं पोट, हसरे डोळे.

"काय करायचे?"

"बर्फाच्या कारखान्यात फोरमन होते. चौतीस वर्षं. आता सहा वर्षं झाली, विसरायला लागलेत. भोंगा वाजला की अजूनही चपला शोधतात. मला तर दोन वर्षं ओळखतच नाहीत. नर्सबाई म्हणतात."

"तुम्हीच बघता सगळं?"

"मीच. दादा परगावी असतो. रोज फोन करतो." ती थांबली. "रोज एकच विचारतो, एकटं सोडत नाहीस ना त्यांना?"

टेबलावरचा मोबाइल थरथरला. पडद्यावर 'दादा' होतं. तिनं तो पालथा घातला.

"फेरीत काय काय पाहिलंत? वाटेतलं सगळं सांगा. कुठं काय झालं ते त्यातून कळेल."

ती सांगू लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज नकळत सैल झाला. पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या. कमानीखाली ओळीनं उभे असलेले अकरा बगळे. तोफेच्या तोंडातून निघालेली वेल. "आणि गाइड सांगतो, किल्ल्याला समुद्राकडून अठरा खिडक्या आहेत. अठरा नाहीत, एकोणीस आहेत. मी मोजल्या. शेवटची बुरुजाच्या आड आहे, नौका वळताना क्षणभरच दिसते. तिच्यात एक झाड उगवलंय."

मग तिला आपण कुठं आहोत ते आठवलं आणि ती पुन्हा रडायला लागली.

बाई बाहेर आल्या. गाइड पायरीवर डोकं धरून बसला होता. धक्क्यावर त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो बंद व्हायचाच नाही. आज मात्र बंद होता.

"मागच्या रांगेत कोण बसलं होतं?"

"इंजिनाचं झाकण आड येतं, मॅडम. मला तिथली नुसती डोकी दिसतात, आणि दुपारी डोळ्यांवर ऊन असतं तर तीही नाहीत."

"किल्ल्याला खिडक्या किती?"

"अठरा. वीस वर्षं सांगतोय."

"बुरुजाच्या आड एक आणखी आहे?"

तो गोंधळला. जुनेजाणते खलाशी असं म्हणायचे खरं, पण त्याला ती कधी दिसली नव्हती, कारण तो नेहमी प्रवाशांकडे तोंड आणि किल्ल्याकडे पाठ करून बोलायचा. खलाशी मध्येच म्हणाला, "आहे ना. मी पाहिलीय. पण पापणी लवायच्या आत जाते."

 बाईंच्या सासूबाईही अशाच विसरायला लागल्या होत्या, चार वर्षं. एकदा त्यांना घेऊन त्या एका लग्नाला गेल्या होत्या. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, जेवायला काय होतं? त्यांना एकही पदार्थ सांगता आला नाही. सगळा वेळ सासूबाईंच्या मनगटावर हात आणि दारावर नजर, यातच गेला होता.

त्यांनी अठरा नंबरचं जॅकेट उचललं. पट्टा बघितला आणि तशाच आत गेल्या. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ताई," त्या मुलीला म्हणाल्या, "दोन बोटी पाऊण तास खाडीच्या तोंडाशी फिरतायत. मला वाटतं, त्या चुकीच्या जागी फिरतायत. तुमचे वडील नौकेत चढलेच नव्हते."

मुलीचा चेहरा पांढरा पडला.

"या जॅकेटचा पट्टा बघा. सकाळच्या सहलीतल्या पोराच्या कमरेला आवळलेला, तसाच आहे. तुमच्या वडिलांच्या पोटावर हा बसायचा नाही. काढून ठेवायला ते आधी घालावं लागतं. दोन तिकिटं म्हणून दोन जॅकेटं मिळाली. एक तुम्ही घातलंत, दुसरं शेजारी ठेवलंत, आणि उतरताना दोन्ही पेटीत टाकलीत. म्हणून बत्तीस भरली."

"मी..."

"आणि खिडक्या. मीही असं माणूस सांभाळलंय. ते शेजारी असताना एकोणीस खिडक्या मोजता येत नाहीत. तीनसुद्धा मोजता येत नाहीत. अकरा बगळे तर राहूच द्या. तुम्ही एकट्या होतात म्हणून तुम्हाला सगळं दिसलं. आता खरं सांगा आणि लवकर सांगा, कारण ते कदाचित अजून जिवंत असतील."

ती बोलली तेव्हा धाप लागल्यासारखी बोलली. वडील नौकेत चढायच्या फळीवर पाय ठेवेनात. मागचे लोक खोळंबले. तिनं त्यांना बाकावर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली. फेरी सोडून परत फिरणारच होती. "पण ते म्हणाले, तुम्ही जा नर्सबाई, मी बसतो. आणि मी गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा गेले. परत आले तर बाक रिकामा. बाकापासून पाणी सहा पावलांवर आहे. दहा मिनिटं शोधलं. वाटलं, पडलेच. मग तिकीटवाल्यानं विचारलं, काय झालं, आणि तोंडातून निघालं की बोटीवरून हरवले. दादाला काय सांगू? बापाला बाकावर टाकून सहलीला गेले होते, हे सांगू? वाटलं, पाण्यातच शोधायचंय ना, मग इथं काय आणि तिथं काय."

बाई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. त्या सरळ दुर्बिणवाल्याकडे गेल्या. बाक त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होता.

"इथं एक जाडसर आजोबा बसले होते?"

"होते की. तीनचा भोंगा झाला तसे उठले. कामाची पाळी लागली म्हणाले आणि त्या बाजूला गेले."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सगळे म्हणत होते, माणूस बोटीवरून गेला. मला कुणी विचारलंच नाही. हे ते असतील, असं वाटलंही नाही."

त्या बाजूला जुना बर्फाचा कारखाना होता. बंद पडून नऊ वर्षं झाली होती, पण बाजारामागच्या नव्या कारखान्यानं भोंगा तोच ठेवला होता. बाई आणि दोन शिपाई पळतच गेले. मागचं फाटक उघडं होतं. आत रिकामी शेड, गंजलेले साचे, आणि ज्या घसरणीवरून बर्फाच्या लाद्या होड्यांत सोडत ती घसरण. तिच्या कडेनं पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या.

ते चौथ्या पायरीवर होते. शेवाळावरून पाय घसरला होता आणि एक पाय विचित्र वळला होता. उठता आलं नसावं. पाणी नाकातोंडावर आलं होतं. पाण्याची बाटली वरच्या कोरड्या पायरीवर नीट उभी ठेवलेली होती.

शिपायांनी त्यांना वर ओढून घेतलं. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि मान हलवली. अर्धा तास झाला असेल जाऊन, म्हणाले. फार तर.

बाई परत येताना दुर्बिणवाल्यापाशी थांबल्या. जबाबात भर घालायची होती. तो सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. एका वाक्याला त्यांची लेखणी थांबली आणि त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

मुलगी त्याच बाकावर बसली होती. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. ती ओरडली नाही. आपल्या हातांकडे बघतच तिनं विचारलं.

"मी आल्या आल्या खरं सांगितलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाईंनी तो विचार केलाही. पण एका खोट्यानं काय केलं ते त्या नुकत्याच पाहून आल्या होत्या.

"पाच वाजेपर्यंत पाणी त्यांच्या तोंडापर्यंत पोचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पोलिसांना खोटं सांगितलंत, ते मला लिहावं लागेल. तुम्हाला चौकीवर यावं लागेल."

मुलीनं मान डोलावली.

"आणखी एक आहे. तेही जबाबात आहे, म्हणून सांगते. तो दुर्बिणवाला म्हणतो, आजोबा तीनच्या आधी त्याच्याकडे आले होते. नौका किल्ल्यापाशी होती. त्यानं त्यांना दुर्बिणीतून बघू दिलं. पुष्कळ वेळ बघत होते. मग त्याला म्हणाले, ती मागं बसलीय ना, केस उडतायत ती. ती माझी मुलगी."

"नर्सबाई म्हणाले असतील."

"नाही. मुलगी म्हणाले. मी त्याला दोनदा विचारलं."

मुलीनं मान वर केली. "अजून काय म्हणाले?"

"हसतेय, म्हणाले."

आता मात्र तिनं तोंड ओंजळीत लपवलं आणि ती पोटातून रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. खाडीत शोधाच्या दोन्ही बोटी परत फिरल्या होत्या.

मोबाइल पुन्हा थरथरला. तिनं डोळे पुसले, पडद्यावरचं नाव वाचलं आणि या वेळी तो कानाला लावला.

"दादा," ती म्हणाली, "मी बाबांना बाकावर बसवून एकटीच बोटीत गेले होते."