सर्वात हिरवी जुडी

हरितमनोऱ्याच्या तिसाव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत डॉ. हेरंब नाडगौडा पालकाचं एक पान उजेडात धरून बघत होते. पान तळहाताएवढं, गर्द हिरवं. मातीशिवाय, दिव्यांखाली वाढणाऱ्या या पालकावर निम्मं शहर जगत होतं आणि डॉक्टरसाहेब ते मिरवायची एकही संधी सोडत नसत. आज मात्र त्यांचा चेहरा उतरला होता.

काल नातीचं उष्टावण होतं. सून मनवा बाल्कनीतल्या शेणखताच्या कुंडीतली फिकट पानं शिजवायला निघाली, तेव्हा ते सगळ्या पाहुण्यांदेखत हसले होते. "कावीळ झालीय का या पालकाला? माझ्या नातीला हे?" असं म्हणून त्यांनी मनोऱ्यातली जुडी पुढे केली. सासऱ्यांचा मान राहावा म्हणून मनवाने दोन्ही पानं एकत्र शिजवून घोटली. पहिला घास मामानेच भरवायचा, आणि मामाची गाडी लांबली, म्हणून वाटी संध्याकाळपर्यंत ओट्यावरच राहिली. घास भरवल्यावर थोड्याच वेळात सात महिन्यांच्या ईराचे ओठ निळे पडले.

काय खाल्लं, असं इस्पितळात विचारताच हेरंबराव पटकन बोलून गेले, "सुनेच्या कुंडीतली पानं."

आता रसायनतज्ज्ञ रेहाना तांबोळी दोन्ही पानं तपासून आली होती.

"कुंडीतल्या पानांत काही दोष नाही, सर. क जीवनसत्त्व तर आपल्या पालकाच्या दुप्पट आहे."

"आणि आपल्या?"

"नायट्रेट ठासून भरलंय. शेणखत नत्र हळूहळू सोडतं, झाड ते पचवत जातं. आपण पाण्यातून तयार नायट्रेट देतो. झाड पानं वाढवत सुटतं, जीवनसत्त्व मागे पडतं, आणि न पचलेलं नायट्रेट पानात साठतं. शिजवून उबेला ठेवलं, की त्याचं नायट्राइट होतं. मग तान्ह्या मुलाच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही."

"म्हणजे पोषकमेंदू बिघडला!" खत ठरवणाऱ्या यंत्रावर हेरंबराव उखडले.

"बिघडला नाही, सर. वीज वाचवायला आपण दिवे मंद केले. उजेड कमी, की नायट्रेट पचतही कमी. पानं फिकी पडू लागली, तसं त्यानं नायट्रेट वाढवलं. हिरवेपणाशिवाय काही मोजायला आपण त्याला शिकवलंच नव्हतं." ती जरा अडखळली. "आणि या वाफ्यासाठी त्याला खास आज्ञा होती."

ती आज्ञा त्यांचीच होती. नातीसाठी मनोऱ्यातली सर्वात हिरवी जुडी हवी, असं त्यांनीच यंत्राला कौतुकानं सांगितलं होतं.

"आजचा माल थांबव," कसंबसं एवढंच म्हणून ते इस्पितळाकडे निघाले.

ईराच्या ओठांवर गुलाबी रंग परतला होता. ती शांत झोपली होती. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच ते आत शिरले, पण त्यांना बघताच मनवा उठून उभी राहिली.

"बाबा, चुकलं माझं," ती खाली मान घालून म्हणाली. "ह्यांना सांगून ती कुंडी रिकामी करवली. सगळी रोपं उपटून टाकली. आता हिला फक्त तुमचाच पालक देईन. रोज एक हिरवीगार जुडी बाजूला ठेवाल ना?"

हेरंबरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मनवा, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं," ते म्हणाले. "तुझीच पानं चांगली होती गं."

पण त्यातलं एकही रोप आता उरलं नव्हतं.