दोहातल्या गाडीला हीटर

हे मी लिहिणारच नव्हतो.

टाइप करायचो, डिलीट करायचो. लोक म्हणतील, उन्हाने डोकं फिरलंय पोराचं. पण आता एकट्याने हे पोटात ठेवणं जमत नाहीये.

ऐकीव काही सांगत नाही. माझ्यासोबत झालंय. पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

गेल्या सप्टेंबरमधला शुक्रवार. दोहातला बिन महमूद एरिया, आमच्या बिल्डिंगचं बेसमेंट पार्किंग.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

मी कौशिक, मूळचा लातूरचा. इथे आयटी सपोर्टला आहे. गाड्यांचं काम मला कुणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघून शिकलो. सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या गाड्यांचं ऑइल, ब्रेक पॅड वगैरे करून देतो. तेवढाच टाइमपास.

फ्लॉइड माझा मित्र, वसईचा. त्याची कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, झाली होती. बायको क्रिस्टीना मुलीला घेऊन आधीच तिकडे गेली होती. तो नोटीस पिरियड संपवून जाणार होता.

त्याच्याकडे एक जुनी फोर-बाय-फोर होती. त्याच्या वडिलांची, सबॅस्टियन अंकलची. अंकल आदल्या वर्षी उन्हाळ्यात दोहातच गेले. त्या गाडीतच गेले. हार्ट अटॅक. एवढंच मला माहीत होतं, जास्त मी कधी विचारलं नाही.

तर फ्लॉइड एक दिवस बॉक्स घेऊन आला. इंजिन ब्लॉक हीटर. क्रिस्टीनाने तिकडून पाठवलेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खूप थंडीच्या देशात गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल घट्ट होतं, इंजिन सुरूच होत नाही. म्हणून इंजिनात छोटा हीटर बसवतात. त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढायची आणि घराच्या प्लगला लावायची. इंजिन गरम राहतं.

मी समजलो, गाडी जहाजाने कॅनडाला नेणार. त्यानेही नाही म्हटलं नाही.

गॅरेजवाले त्याला हसले होते. माझा रूममेट श्रेयस पण हसला. म्हणाला, आता बर्फ उपसायला एक फावडं पण मागव.

फ्लॉइड हसला नाही.

"कौशिक, मी जायच्या आधी हे झालंच पाहिजे," एवढंच म्हणाला. त्याचं रविवारचं फ्लाइट होतं.

शुक्रवारी तो चर्चला मिस्साला गेला. गाडी आणि चावी माझ्याकडे.

दोहातली शुक्रवारची दुपार ज्याने अनुभवलीय त्याला कळेल. जुम्म्याची अजान झाली की दुकानं बंद. रस्ते रिकामे. आमचा वॉचमन जहूरभाई पण नमाजला गेला.

बेसमेंटमध्ये मी एकटा. भट्टीसारखं गरम. बनियन अंगाला चिकटलेलं.

पहिलं काम, बॅटरीची वायर काढली. हे लक्षात ठेवा. गाडीत करंट नव्हता.

मग खाली पुठ्ठा टाकून गाडीखाली सरकलो. इंजिनच्या ब्लॉकला पत्र्याची गोल बुचं असतात. त्यातलं एक ठोकून काढायचं, त्या भोकात हीटर बसवायचा. आधी खालून कूलंट, म्हणजे इंजिनातलं पाणी, काढून घ्यायचं.

बोल्ट सैल केला.

कूलंट हातावर आलं...

आणि मी हात मागे ओढला.

बर्फासारखं गार होतं.

सप्टेंबरमध्ये दोहात नळाचं साधं पाणी पण पोळतं. आम्ही गीझर बंद करून त्यात पाणी गार करायला ठेवतो. आणि हे कूलंट... बोटं बधिर झाली.

म्हटलं, आपल्याला चक्कर येतेय. पाणी प्यायलो. परत खाली गेलो. बूच काढलं, भोक घासून साफ केलं, रबर रिंगला ग्रीस लावून हीटर आत ढकलला, स्क्रू आवळला. काम नीट चाललं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला.

घुं...

हळू, एकसुरी. कारचा एसी लो वर असतो ना, तसा.

मी स्क्रूड्रायव्हर धरून तसाच पडून राहिलो. वाटलं बिल्डिंगचा एग्झॉस्ट असेल. पण आवाज माझ्या छातीच्या बरोबर वर होता. गाडीच्या आत.

मग बंद झाला.

बाहेर आलो. बॅटरी बघितली. वायर काढलेलीच.

मग काचा बघितल्या.

चारही काचा धुरकट. बाहेरून.

इथे हे रोजचं आहे. आत एसी चालू असला की बाहेरच्या दमट हवेने काचेवर धुकं धरतं. पण ते आत एसी चालू असला तर.

मी ड्रायव्हरच्या काचेला तळवा लावला. गारठा कोपरापर्यंत आला.

फडक्याने काच पुसली. आत डोकावलो.

कुणीच नव्हतं.

फक्त ड्रायव्हरची सीट... पूर्ण मागे झोपवलेली.

सकाळी गाडी मीच लावली होती. सरळ बसून लावली होती. गाडी लॉक होती, चावी माझ्या खिशात.

खरं सांगतो, पळून जायचं मनात आलं. पण कूलंट भरल्याशिवाय सोडलं आणि फ्लॉइडने गाडी सुरू केली तर इंजिन जाईल. म्हणून थांबलो. कूलंट भरलं. वायर जाळीतून काढली, गुंडाळी केली आणि प्लास्टिकच्या टायने जाळीला घट्ट बांधली. टायचं जादाचं टोक कापलं.

हात धुवायला वॉचमनच्या बेसिनपाशी गेलो. जास्तीत जास्त दोन मिनिटं.

परत आलो तर...

वायर जमिनीवर होती.

सुटून पडलेली नाही. सरळ, ताणलेली. समोरच्या खांबाकडे. त्या खांबावर गाड्या धुणाऱ्यांच्या मशीनसाठी एक सॉकेट आहे. पिना सॉकेटच्या खाली टेकलेल्या.

टाय जाळीलाच होती. कापलेली नाही, उघडलेली नाही. नुसती रिकामी.

मी रॅम्पवर उन्हात जाऊन बसलो. चटके बसत होते, बरं वाटत होतं.

फ्लॉइड आला तेव्हा मी तसाच बसलेला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, विचारेल काय झालं.

तो म्हणाला, "लावून बघितलास?"

मी सगळं सांगितलं. कूलंट, आवाज, काचा, सीट, वायर. वाटलं, हसेल नाहीतर चिडेल. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग माझ्याशेजारी रॅम्पवर बसला आणि सांगायला लागला.

अंकल गेले तो पण शुक्रवारच होता. गुडघे दुखत होते म्हणून ते चर्चच्या आत आले नाहीत. एसी लावून गाडीत बसतो म्हणाले. इथे सगळेच बसतात तसे. मिस्सा संपला, फ्लॉइड बाहेर आला. अंकल सीट मागे करून झोपलेले दिसले. झोपू दे म्हणून तो मित्रांशी बोलत उभा राहिला. आसपास किती लोक होते. सगळ्यांना वाटलं, म्हातारा मस्त एसीत झोपलाय.

"हात लावला तर इतका गार," फ्लॉइड म्हणाला. "मी आधी एसी बंद केला. मग हाक मारली."

त्यानंतर ती गाडी कधी तापलीच नाही. ऑगस्टमध्ये उन्हात उभी केली तरी स्टिअरिंग थंड. त्याला वाटायचं, आपल्यालाच भास होतोय. एकदा गाडीतून उतरताना त्याला मागून ऐकू आलं... दात वाजल्यासारखं.

मी म्हटलं, मग असली गाडी तू मायनस तीसमध्ये नेतोयस?

"गाडी कॅनडाला जातच नाहीये," तो म्हणाला. "तिथल्या थंडीत नेऊ मी पप्पांना? इथेच राहणार. हीटर इथल्यासाठीच हवा होता. आधी सांगितलं असतं तर तू हात लावला नसतास."

नसताच लावला.

मग मला त्याला अजून एक सांगावं लागलं. हीटर तिकडचा. एकशे वीस व्होल्टचा. इथे दोनशे चाळीस. पिना पण बसत नाहीत आणि कशाबशा बसवल्या तर जळेल. मी गाडी तिकडेच जाणार म्हणून लक्षच दिलं नव्हतं, आणि त्याला हे माहीतच नव्हतं.

त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना. त्याने सगळी आशा त्या एका हीटरवर ठेवली होती. आणि परवा त्याला जायचं होतं.

मी ट्रान्सफॉर्मर आणतो म्हटलं. अल मुंतझाच्या दुकानांत मिळतो. गाडी त्याने मेट्रॅशवर, म्हणजे इथल्या सरकारी अ‍ॅपवर, माझ्या नावावर केली, रविवारी एअरपोर्टला मीच सोडलं. गळ्यात पडून रडला. खलास, झालं इथलं, जा आता, म्हटलं.

त्याच आठवड्यात ट्रान्सफॉर्मर आणून प्लग लावला. इंजिन तासाभरात गरम झालं. काचा बाहेरून सुकल्या. वायर परत कधी हलली नाही. मी खूश. श्रेयसला वाटतं मी जुनी गाडी रिपेअर करतोय.

मग गेल्या शुक्रवारी खाली गेलो...

काच धुरकट होती.

बाहेरून पुसली. गेलं नाही.

धुकं आतून होतं. एकाच काचेला. ड्रायव्हरच्या. मधेच वाढत होतं... मधेच कमी होत होतं...

कुणीतरी श्वास घेतंय तसं.

बाजूच्या सीटचा दरवाजा आतून अनलॉक झाल्याचा आवाज आला. टक. बाकीचे तीन बंदच.

मी वर पळालो. फ्लॉइडला फोन लावला. तिकडे सकाळ होती, त्याच्या मुलीचा आवाज येत होता मागे. सगळं सांगितलं. 

मग तो म्हणाला, "मी बाहेर गप्पा मारत होतो रे. ते एकटे होते. तू एक शुक्रवार बसशील त्यांच्या बाजूला? काही बोलू नकोस. नुसता बस."

मला नाही म्हणायचं होतं. अजूनही म्हणायचंय. आज गुरुवार आहे, हात गार पडलेत टाइप करताना.

पण मी त्याला म्हटलं, "बसेन. ते उठून जाईपर्यंत बसेन."